परदेशांतून ट्रॅक्टरचे सुटे भाग मागवितांना

बैल आजारी पडला तर गुरांचा डॉक्टर पंचक्रोशींत कोठें तरी मिळतो. यंत्र आजारी पडलें तर त्याचें औषध कधीं कधीं समुद्रापलीकडून आणावें लागतें. ह्या दुसऱ्या प्रकारचा अनुभव आम्हांस २०२५ च्या पावसाळ्यांत आला. त्यांत पैसा गेला, दिवस गेले व ज्वारीची पेरणीहि पंधरवडाभर मागें पडली. असा प्रसंग आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांवर येण्याजोगा असल्यामुळें, काय घडलें व तें टाळतां कसें आलें असतें, हें येथें सविस्तर सांगण्याचें योजिलें आहे.

आमची वस्ती खराडीस. मुळा-मुठेच्या उत्तर तीरावरील हें गांव १९९७ सालीं पुणें महानगरपालिकेंत गेलें, आणि जेथें ज्वारी-बाजरी व नदीकांठीं भाजीपाला होत असे तेथें आज ईऑनसारख्या संगणक-उद्योगांच्या उंच इमारती उभ्या आहेत. तथापि खराडीचा शेतकरी नाहींसा झाला असें मात्र नव्हे. कोणाचें शेत मांजरी खुर्दकडे, कोणाचें वाघोलीपलीकडे, तर कोणीं शिरूर तालुक्यांत जमीन घेतलेली. घर शहरांत व शिवार वीस-तीस मैलांवर, असा हा संसार आहे. गडीमाणूस मिळत नाहीं, बैलजोडी ठेवणें परवडत नाहीं. सर्व भिस्त ट्रॅक्टरवर.

आमचा ट्रॅक्टर पिंजोरचा, एच. एम. टी. २५११, दोन सिलिंडरचा, पंचवीस अश्वशक्तीचा. हरियाणांतील पिंजोर येथील सरकारी कारखान्यांत हे ट्रॅक्टर १९७१ पासून होऊं लागले. त्यांची मूळ बनावट चेकोस्लोव्हाकियांतील ब्रनो शहरच्या झेटर कारखान्याची. झेटरनें आपलीं दोन, तीन व चार सिलिंडरचीं यंत्रें एकाच घरच्या भावंडांसारखीं काढिलीं होतीं. त्यांतील पुष्कळसे भाग इकडचे तिकडे बसतात. हा गुण आम्हांस पुढें फार उपयोगी पडला. केंद्र सरकारनें २०१६ सालीं एच. एम. टी. चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. कारखाना थांबला, पण त्यानें काढलेले ट्रॅक्टर कांहीं थांबले नाहींत; ते अद्याप नांगरीत आहेत, आणि नांगरीत आहेत तोंवर त्यांस सुटे भाग लागणारच.

बिघाड झाला तो लिफ्टच्या तेलाच्या पंपांत. सकाळीं ट्रॅक्टर थंड असतांना लिफ्ट नांगर निमूटपणें उचली. दोन तास काम झालें व तेल तापलें कीं तोच नांगर अर्ध्यावर लोंबकळूं लागे. मेस्त्रींनीं ऐकतांच निदान केलें. पंपांतील दोन दांतेरी चाकें व त्यांचें घर हीं झिजून फट वाढली, कीं थंड व दाट तेलास दाब येतो, परंतु तापून पातळ झालेलें तेल त्या फटींतून मागें निसटतें. बाजारांतून बदली पंप आणून बसविला, तो एक हंगाम चालला. दुसरा आणिला, त्याचीहि तीच गत. तेव्हां मूळ बनावटीचा पंप परदेशांतून मागवावा असें ठरलें.

येथें एक गोष्ट आधींच सांगितलेली बरी. परदेशाकडे हात पसरण्यापूर्वीं घरचा बाजार नीट धुंडाळावा. दिल्लीचें काश्मिरी गेट, लुधियाना व राजकोट ह्या ठिकाणीं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा एवढा मोठा व्यापार आहे कीं, शंभरांतील नव्वद गरजा तेथेंच भागाव्या. ज्यांचे ट्रॅक्टर येथेंच बनतात त्यांस तर हा प्रश्नच नाहीं. आपल्या नगर रस्त्यावर, खराडीहून पुढें सणसवाडीस, जॉन डिअरचा कारखाना आहे. अशा यंत्राचा भाग परदेशांतून मागविणारा मनुष्य घरची विहीर सोडून ओढ्यावर पाणी भरावयास जाणारा म्हणावा लागेल. परदेशाचा मार्ग धरावा तो जुन्या, बंद पडलेल्या बनावटीच्या यंत्राकरितां किंवा बाहेरून आणलेल्या ऊसतोडणी वा कापणी यंत्राकरितां. आणि तोहि येथील माल खरोखर कुचकामी ठरल्यावर.

ही पाळी आपल्यावर नवीनच आली आहे असेंहि नाहीं. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळीं विहिरींवर जीं तेलाचीं इंजिनें बसलीं, तीं लिंकनचीं रस्टन, स्टॅम्फर्डचीं ब्लॅकस्टन, डर्स्लीचीं लिस्टर, अशीं सर्व विलायतेचीं. त्यांचा पिस्टन वा कडें मुंबईच्या अडत्यामार्फत मागवावें लागे व तें बोटीनें येई. दुसऱ्या महायुद्धांत बोटींचा हा भरंवसाहि उरला नाहीं. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत फोर्ट स्टिकीन ह्या दारूगोळा व कापूस भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला, त्यांत शेंकडों माणसें मेलीं आणि गोदींतील माल जळून गेला. पुण्यास किर्लोस्करांचा तेल-इंजिनांचा कारखाना १९४६ सालीं निघाला, त्याचें महत्त्व ह्या पार्श्वभूमीवर कळतें. कोंकण-बेळगांवकडील वाचकांस तर आणखी एक गंमत आठवत असेल: १९६१ पर्यंत गोवा हा परका मुलूख, तेव्हां आंतरराष्ट्रीय सीमा त्यांच्या घरापासून चार कोसांवर होती, आणि पलीकडे विलायती माल सहज मिळे. पण तो राजरोस अलीकडे आणावयाचा म्हणजे जकातीचें नाकें आडवें येई. असो.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. पहिलें काम भागाची ओळख पटविण्याचें. "एच. एम. टी. चा लिफ्टचा पंप" एवढ्यावर परदेशचा दुकानदार कांहींच पाठवूं शकत नाहीं, आणि पाठविलें तर तें भलतेंच असण्याचा संभव अधिक. भागाच्या अंगावर ओतलेले किंवा ठोकलेले आंकडे व अक्षरें खडूनें घासून वाचावीं, त्यांचें छायाचित्र घ्यावें, आणि शेजारीं मोजपट्टी ठेवून दुसरें छायाचित्र घ्यावें. पुस्तकांतील क्रमांक व अंगावरील क्रमांक वेगळे निघाले तर अंगावरील खरा धरावा. कारण आपल्या हातीं येण्यापूर्वीं तो भाग कोणी कितीदां बदलला असेल ह्याचा नेम नाहीं. आट्यांचीहि तपासणी करावी. झेटरच्या आट्या मिलिमीटरच्या हिशेबाच्या. जुन्या इंग्रजी यंत्रांच्या आट्या व्हिटवर्थ पद्धतीच्या, इंचाच्या हिशेबाच्या. दोन्ही बोल्ट डोळ्यांस सारखे दिसतात, दोन फेरे आंतहि जातात, आणि तिसऱ्या फेऱ्यास ओतीव घर फुटतें.

दांतेरी पंपाच्या बाबतींत तर ह्याहून नाजूक प्रश्न आहे, व त्यांत आम्ही जवळजवळ फसलोंच होतों. असे पंप डावे व उजवे अशा दोन जातींचे असतात. दांड्याकडून पाहिलें असतां तो घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरतो कीं उलट, ह्यावर जात ठरते. बाहेरून आकार, भोकें, माप सर्व एकच. आम्हीं उजवा लिहिला होता. मेस्त्रींनीं पत्र पाठविण्यापूर्वीं इंजिन हातानें फिरवून दाखविलें, तेव्हां आमचा पंप डावा निघाला. तो मनुष्य इंग्रजी वाचीत नाहीं, पण चार हजार मैलांवरून चुकीचा माल येण्याचें त्यानेंच वांचविलें.

दुसरें काम किंमत समजून घेण्याचें. बीजकावर किंमतीपुढें जीं लहान अक्षरें असतात त्यांत सर्व कांहीं भरलेलें असतें. 'एक्स वर्क्स' म्हणजे माल विकणाऱ्याच्या दारांत. तेथून पुढचें सर्व आपल्या डोक्यावर. 'एफ. ओ. बी.' म्हणजे त्यांच्या बंदरांत जहाजावर चढेपर्यंतचा खर्च त्यांचा. 'सी. आय. एफ.' मध्यें भाडें व विमा आपल्या बंदरापर्यंत त्यांनीं भरलेला असतो. पण येथील जकात, गोदीचा खर्च व पुढील वाहतूक आपलीच. 'डी. डी. पी.' म्हणजे जकातीसह घरपोंच. चेक देशास समुद्रकिनारा नाहीं. तेथील माल बहुधां जर्मनींतील हॅम्बुर्ग बंदरापर्यंत जमिनीवरून जातो. तेव्हां "किंमत स्वस्त, पण कारखान्याच्या दारांत" अशी बोली असेल तर त्या स्वस्ताईंत परक्या देशांतील ट्रकचें भाडेंहि मोजावें.

आमचा पंप विकणारा एक परदेशी दुकानदार होता. त्याच्याशीं पत्रव्यवहार संगणकावरून झाला, पैसे बँकेमार्फत गेले, आणि पेटी कुरियरनें निघाली. येथवर सर्व सुरळीत. पण त्या गृहस्थानें आमच्यावर एक उपकार केला. आम्हांस जकात कमी पडावी ह्या सद्‌हेतूनें त्यानें पेटीवरील कागदांत मालाची किंमत एक-चतुर्थांश लिहिली, आणि वर्णनापुढें 'भेट' असा शब्द घातला. आम्हीं तसें सांगितलें नव्हतें. परंतु त्यानें आधीं विचारलें असतें तर आम्हीं नको म्हटलें असतें कीं काय, हें आज खात्रीनें सांगवत नाहीं. पूर्वीं असल्या भेटी चालून जात, अशी आमचीहि समजूत होती.

ती समजूत चुकीची निघाली. पोस्टानें वा कुरियरनें 'भेट' म्हणून येणाऱ्या मालास डिसेंबर २०१९ पासून मनाई आहे. अपवाद आहेत ते राखीचा व जीवरक्षक औषधांचा. ट्रॅक्टरचा पंप ह्यांपैकीं कांहींच नव्हे. पेटी मुंबईस अडकली. सदरहू माल भेट आहे तर येऊं शकत नाहीं, आणि विकत घेतलेला आहे तर बीजकावर किंमत खोटी कां, असा प्रश्न आला, आणि त्याला खरें उत्तर एकच होतें. आम्हीं मूळ पत्रव्यवहार, दुकानदाराचें खरें बीजक व बँकेनें पैसे पाठविल्याचा दाखला असे सर्व कागद सादर केले, खुलासा लिहून दिला आणि दंड भरण्याची तयारी दर्शविली. एकोणीस दिवसांनीं पेटी सुटली. दंड, गोदामभाडें व धांवपळ मिळून जो खर्च झाला, तो वांचणाऱ्या जकातीच्या कितीतरी पट होता. इकडे शेतांत वापसा आला आणि ट्रॅक्टर छपरांत. शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर भाड्यानें मागितला, पण वापसा त्यांच्याहि शेतांत त्याच दिवशीं आलेला! शेवटीं आमची पाळी आली तेव्हां जमिनीची ओल वर उडून गेली होती व उगवण विरळ झाली. म्हणून माल मागवितांनाच विकणाऱ्यास स्पष्ट लिहावें कीं, बीजकावर दिलेली तीच किंमत लिहा, भागाचें खरें नांव व क्रमांक लिहा, 'भेट' किंवा 'नमुना' असे शब्द कोठेंहि घालूं नका.

त्याच खटपटींत दुसरी अडचण उघड झाली. आयात करणाऱ्यास सरकारी परदेश व्यापार खात्याकडून आयात-निर्यात क्रमांक घ्यावा लागतो, त्याला आय. ई. सी. म्हणतात. स्वतःच्या उपयोगाकरितां आणलेल्या मालास हा क्रमांक लागत नाहीं, असें सर्वत्र सांगतात आणि तें अर्धेंच खरें आहे. नियमाची भाषा अशी आहे कीं, व्यापार, कारखानदारी किंवा शेती ह्यांच्याशीं संबंध नसलेल्या खासगी उपयोगासाठींच ही सूट आहे. 'शेती' हा शब्द तेथें स्पष्ट घातलेला आहे. शहरांतील गृहस्थानें स्वतःच्या मोटारसायकलीचा आरसा मागविला तर त्याला सूट मिळते. आपण आपल्याच शेतांतल्या ट्रॅक्टरचा पंप मागविला तर मिळत नाहीं. ह्यांत न्याय किती, हा प्रश्न वेगळा. नियम ठाऊक असणें अवश्य. क्रमांक मिळविणें मात्र अवघड नाहीं. अर्ज संगणकावरून होतो, शुल्क ५०० रुपये आहे, आपला पॅन हाच तो क्रमांक असतो. दरवर्षीं एप्रिल ते जून ह्या महिन्यांत त्यांतील माहिती कायम केल्याचें नोंदवावें लागतें. बदल नसला तरी नोंदवावें, नाहींतर क्रमांक निजीव होतो. हें काम माल मागविण्यापूर्वीं करावें, पेटी अडकल्यावर नव्हे.

आतां जकातीचा हिशेब. ह्यांत सर्वांत मोठा घोळ वर्गीकरणाचा. पुष्कळांची अशी कल्पना असते कीं, ट्रॅक्टरला लागणारी प्रत्येक वस्तु म्हणजे 'मोटारगाडीचा भाग', म्हणजे जकातीच्या पुस्तकांतील ८७०८ वें सदर. परंतु त्याच पुस्तकाच्या टीपेंत असें म्हटलें आहे कीं, ज्या यंत्रांस स्वतःचें सदर आहे तीं गाडीच्या भागांत धरावयाचीं नाहींत. त्याप्रमाणें पंप हा पंपच राहतो व ८४१३ मध्यें जातो. इंजिनचे पिस्टन, लायनर वगैरे ८४०९ मध्यें. बेअरिंग ८४८२ मध्यें. गॅस्केटांचे संच ८४८४ मध्यें. गिअरबॉक्स, ॲक्सल, क्लच हे खरे ८७०८ चे मानकरी. सदर बदललें कीं दर बदलतो.

किती बदलतो तें उदाहरणानें पाहूं. समजा, पंपाची किंमत परदेशांत २०,००० रुपये व विमानाचें भाडें ६,००० रुपये पडलें. जकात केवळ किंमतीवर नसते. भाडें व विमाहि तींत मिळवितात. परंतु माल विमानानें आला असेल तर भाडें किंमतीच्या २० टक्क्यांहून अधिक धरीत नाहींत, म्हणून येथें ४,००० च धरावयाचे. विम्याचा आंकडा ठाऊक नसेल तर १.१२५ टक्के, म्हणजे २२५ रुपये. एकूण जकातपात्र किंमत २४,२२५ रुपये. मूळ जकात ७॥ टक्के धरली तर ती होते सुमारें १,८१७ रुपये. तिच्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, १८२ रुपये. ह्या सर्वांच्या बेरजेवर आय. जी. एस. टी. ५ टक्के धरला तर १,३११ रुपये. एकूण भरणा ३,३१० रुपयांच्या आसपास. आतां तोच पंप मोटारीच्या भागांत पडला आणि मूळ जकात १५ टक्के व आय. जी. एस. टी. १८ टक्के लागला, तर भरणा ९,०७७ रुपये होतो. एका ओळींतील चार आंकड्यांच्या चुकीनें पावणेसहा हजार रुपये गेले. दर अर्थसंकल्पाबरोबर हलत असतात, यासाठीं वरील टक्के केवळ रीत समजण्यापुरते घ्यावेत आणि प्रत्यक्ष मागविण्याच्या वेळीं क्लिअरिंग एजंटाकडून चालू दर लिहून घ्यावा.

दर हलतात म्हणजे कसे, ह्याचें प्रत्यंतर आम्हांसच आलें. ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक पंप व आणखी कित्येक भाग ह्यांवरील जी. एस. टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला. जकातीचा दर सामान्यतः बिल ऑफ एंट्री दाखल होईल त्या दिवसाचा धरतात. आमचा कागद त्यापूर्वींच दाखल झालेला होता, आम्हीं १८ नें भरलें. ज्या शेतकऱ्याची जी. एस. टी. मध्यें नोंदणी नाहीं त्याला हा कर पुढें वळता करून घेतां येत नाहीं. तो मालाच्या किंमतींतच गेला असें समजावें.

माल कोणत्या वाटेनें आणावा ह्याविषयीं लोक फार वाद घालतात. कुरियर जलद आहे, आणि जकातीचे कागद तोच दाखल करतो. पण तो वजन आपल्या पद्धतीनें मोजतो. पेटीची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्यें गुणून ५,००० नें भागावी. येणारा आंकडा खऱ्या किलोंहून अधिक असेल तर भाडें त्या आंकड्यावर. पन्नास, चाळीस व तीस सेंटिमीटरची पेटी आंत चार किलोंचा पंप असला तरी बारा किलोंची ठरते. म्हणून विकणाऱ्यास पेटी लहान घ्यावयास सांगावें. भुसा व हवा ह्यांचें भाडें भरण्यांत हशील नाहीं. पोस्टाची वाट हळू, तरी लहान भागास ती अद्याप उत्तम. परदेशांतून पोस्टानें आलेल्या पेटीवर कस्टम्सचे अधिकारी पोस्टांतच जकात आंकारतात, आणि ती रक्कम घेऊन पोस्टमन पेटी देतो.

इंजिनाचा ब्लॉक, ऊसतोडणी यंत्राचा सांगाडा, असें जड सामान मात्र समुद्रानेंच यावयाचें. एकट्याचा माल पेटाराभर नसतो, तेव्हां तो इतरांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्यें भरतात. त्याचें भाडें घनमीटरावर किंवा टनावर, जें जास्त होईल त्यावर घेतात. ह्या रीतींत एक खोंच आहे. परदेशाहून न्हावाशेव्यापर्यंतचें भाडें नवल वाटावें इतकें कमी सांगतात, आणि येथें उतरल्यावर कंटेनर फोडणें, गोदाम, हातगाडी, कागद देण्याचें शुल्क असे इतके खर्च निघतात कीं ते सागरभाड्याच्या वर जातात. माल निघण्यापूर्वींच येथील खर्चाचा पूर्ण आंकडा लेखी मागावा; तोंडी आंकड्यास बंदरांत किंमत नाहीं. पूर्ण कंटेनर असेल तर तो न्हावाशेव्यास न सोडवितां दिघी किंवा तळेगांवच्या डेपोंत आणून पुण्यासच सोडवितां येतो; खराडीकरांस तें सोयीचें. कागदांस उशीर करूं नये. जहाज येण्याच्या आदल्या दिवसाअखेर बिल ऑफ एंट्री दाखल व्हावें असा नियम असून, चुकल्यास पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये व पुढें रोज १०,००० रुपये आकार लागूं शकतो. गोदीचें भाडें त्याहून निराळें.

समुद्रावरील मालाचा विमा उतरल्याशिवाय पेटी निघूं देऊं नये. ह्याचें कारण केवळ जहाज बुडण्याची भीति नव्हे. मार्च २०२१ मध्यें एव्हर गिव्हन नांवाचें प्रचंड जहाज सुवेझ कालव्यांत आडवें अडकलें व सहा दिवस कालवा बंद राहिला. तें सुटल्यावर मालकानें समाईक नुकसानीची जुनी सागरी चाल लागू केली. तिचा अर्थ असा कीं, जहाज वांचविण्यास जो खर्च आला त्याचा वांटा जहाजावरील प्रत्येक मालधन्यानें आपल्या मालाच्या किंमतीप्रमाणें उचलावयाचा. वांट्याची हमी दिल्यावांचून पेटी हातीं पडत नाहीं. विमा असेल तर ती हमी विमावाला देतो. विमा नसेल तर ज्याचा पंप जसाचा तसा धड आहे त्या शेतकऱ्यासहि पदरचे पैसे ठेवावे लागतात. सुवेझचा मार्ग तसा लहरीच. १९६७ ते १९७५ पर्यंत तो बंद होता व युरोपचा माल आफ्रिकेस वळसा घालून येई. २०२३ च्या नोव्हेंबरापासून तांबड्या समुद्रांत जहाजांवर हल्ले होऊं लागले, तेव्हांहि बहुतेक मोठ्या कंपन्यांनीं तोच वळसा घेतला. अशा वेळीं प्रवास दहा-पंधरा दिवसांनीं लांबतो आणि भाडें चढतें. पेरणीच्या तोंडावर लागणारा भाग समुद्रानें मागविणें म्हणजे पावसावर पैज लावणें होय.

जुन्या भागांविषयीं दोन शब्द. परदेशांत जुने ट्रॅक्टर मोडून त्यांचे भाग विकणारीं दुकानें पुष्कळ आहेत, व किंमत पाहून मोह होतो. पण वापरलेला माल आणण्यास निर्बंध आहेत. यंत्राचा दुरुस्त करून नवा केलेला भाग आणावयाचा तर, त्याचें मूळच्या ८० टक्के तरी आयुष्य शिल्लक आहे असा चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला लागतो. शिवाय अशा भागास परदेशच्या शेतांतली माती चिकटलेली असते. त्या मातींतून कोणतें तण वा कोणता कृमि आपल्या रानांत उतरेल हें सांगवत नाहीं, आणि म्हणूनच परक्या मातीच्या आयातीवर कडक बंदी आहे. लांकडी पेटी असेल तर तिच्यावर लांकूड उष्णतेनें वा धुरीनें निर्जंतुक केल्याचा गव्हाच्या लोंबीचा आंतरराष्ट्रीय छाप असावा. तो नसल्यास आंतला भाग निर्दोष असूनहि पेटी अडते. पुठ्ठ्याची पेटी घेतली कीं हा प्रश्नच मिटतो.

आमचा पंप अखेर ऑक्टोबरांत हातीं आला. मेस्त्रींनीं अर्ध्या दिवसांत बसविला. तेल नवें भरलें, गाळणी धुतली. मागील दोन्ही बदली पंप लवकर कां गेले ह्याचें एक कारण त्या गाळणींतच सांपडलें, कारण ती पितळी चुऱ्यानें भरलेली होती व दोन्ही वेळां ती तशीच ठेवून पंप बदलले होते. तेव्हां बाजारच्या पंपांस दिलेला सर्व दोष आम्हांस थोडा मागें घ्यावा लागतो. दुपारीं तेल तापल्यावर नांगर पूर्ण उंचीस जाऊन तेथेंच ठाम राहिला.

आपल्या संघाच्या सभासदांपैकीं ज्यांच्याकडे पिंजोरचे दोन सिलिंडरचे ट्रॅक्टर आहेत, त्यांनीं लागणाऱ्या भागांचीं नांवें, अंगावरील ओतीव क्रमांक व मोजपट्टीसह छायाचित्रें चैत्र अखेरपर्यंत संघाच्या कचेरींत द्यावीं. पंप असल्यास तो डावा कीं उजवा हें इंजिन फिरवून पाहून लिहावें. आठ-दहा जणांची मागणी जमल्यास संघानें स्वतःचा आयात क्रमांक घेऊन एकच पेटी मागवावी, असा विचार आहे. म्हणजे भाडें व एजंटाचा मेहनताना वांटला जाईल आणि खरिपाच्या पेरणीपूर्वीं माल येथें पोहोंचेल.